धुळ्याच्या हवेत चालेल

मे महिन्यात आमच्या विभागात एसी एकाच खोलीला असतो, आणि त्या खोलीत माणूस बसत नाही, मशीन बसतं. आम्ही माणसं बाहेर पंख्याखाली घाम पुसत असतो. जळगावचं ऊन ज्याने काढलंय त्याला वेगळं काय सांगायचं. बारानंतर लोखंडी टेबल हाताला चटका देतं, आणि तरी मी रोज आधी त्या मशीनचं तापमान बघते, स्वतःच्या डोक्याचं नंतर.

ही गोष्टही अशाच एका मेमधली. त्या महिन्यात माझ्या मोठ्या बहिणीला, अक्काला, मी जवळजवळ मारलं होतं. वाक्य जरा जोरात झालं, पण ते तसंच ठेवते. घरात कुणाला हे ठाऊक नाही. अक्कालाही नाही. ती अजून माझ्यावर इतका जीव टाकते की तिला कळावं असं मला वाटतही नाही. पण कुठेतरी ओकून टाकलंच पाहिजे, किती दिवस पोटात ठेवायचं.

आधी माझं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. मोबाइलच्या बॅटरीत एक द्रव असतो, चटकन पेट घेणारा. तो काढून त्या जागी दाबून घट्ट केलेली पावडर बसवायची, म्हणजे बॅटरी पेटणार नाही, यावर सध्या आमच्यासारखी पुष्कळ माणसं डोकं फोडताहेत. अडचण एवढीच की लिथियमचा आयन द्रवातून सहज पोहत जातो, घनातून त्याला वाट काढावी लागते. तो जागच्या जागी थरथरत बसतो, थरथरत बसतो, आणि मध्येच कधीतरी शेजारच्या रिकाम्या जागेत उडी मारतो. ती उडी कुठल्या पावडरमध्ये सोपी पडेल हे मी कॉम्प्युटरवर बघते. प्रत्येक अणूवर किती जोर पडतोय याचं खरं गणित फार जड असतं, चिमूटभर अणूंचं करायलाही मशीन दिवसचे दिवस कण्हतं. म्हणून थोडं खरं गणित करायचं, ते मशीनला शिकवायचं, आणि पुढचे अंदाज त्याने बांधायचे. मशीन मन लावून शिकतं, यात शंका नाही. पण दाखवलं तेवढंच शिकतं. न दाखवलेल्या ठिकाणी गेलं की इतक्या विश्वासाने थापा मारतं की आपल्यालाच आपली लाज वाटावी.

थापा अती झाल्या की रन उडते. रन म्हणजे हे सगळं नाटक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा चालवणं. उडाली म्हणजे अणू एकमेकांच्या अंगावर जातात, वाट्टेल तसे पांगतात आणि प्रोग्राम अंग टाकतो. मला ज्या सरांनी हे काम शिकवलं त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, उडालेल्या रनचं पोस्टमॉर्टेम करत बसायचं नाही. काढून टाकायची, नवी लावायची. मला ते लगेच पटलं. चोपड्याकडे आमच्या केळीच्या बागेत वडील, आबा, घडाच्या खालच्या लहान फण्या कापून टाकायचे, म्हणजे वरच्या फण्या भरतात. मी लहानपणी हळहळायचे तर म्हणायचे, बारक्या फण्यांची माया केली तर घड कुणी घेणार नाही. मी माया केली नाही. आमच्या धंद्यातले सगळे असंच करतात, हे मी सुटका म्हणून सांगत नाही, असंच करतात म्हणून सांगते.

आता अक्का. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, धुळ्याच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. माझं कॉम्प्युटरवरचं, तिचं हातातलं. मी जी पावडर पडद्यावर बघते ती अक्का खरी बनवते, कुटते, भाजते, दाबून तिच्या रुपयाएवढ्या टिकल्या करते. लग्न केलं नाही, विचारलं की म्हणते वेळच नाही मिळाला. मी रागीट, ती शांत. लहानपणापासून मी काही मोडलं की ती पुढे होऊन सांगायची, माझ्याच हातून पडलं. आबांना खरं माहीत असायचं, पण तिच्यापुढे ते काही बोलायचे नाहीत.

तिची पावडर गंधकाची होती. लिथियमला तिच्यातून पळायला आवडतं, म्हणून सगळं जग तिच्या मागे. पण तिला पाणी चालत नाही. हवेतला ओलावासुद्धा लागला की ती कुजल्यासारखी होते आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडते. तो वायू विषारी. थोडा असला तर नुसता वास, डोकं दुखणं. जास्त झाला तर मात्र आधी तो नाकच मारतो. वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं गेला वाटतं. पुढचं कळायला माणूस शुद्धीवर राहत नाही. हे आम्हा दोघींनाही पाठ होतं, परीक्षेत लिहिण्याइतकं पाठ.

म्हणून ती सगळं काचेच्या बंद पेटीत करायची. पेटी जुनी, कुणीतरी टाकून दिलेली, तिने स्वतः रबरं बदलून उभी केलेली. चिमूटभर पावडरीला ती पुरायची. पण जूनमध्ये बाहेरून माणसं तिचं काम बघायला येणार होती, त्यांच्यासाठी मोठ्या टिकल्या करायच्या होत्या, पावडर वाटीभर लागणार होती, आणि मोठं दाबयंत्र काही त्या पेटीत मावत नव्हतं. दुसरं कुणी असतं तर हात टेकले असते. अक्काने बाहेर बघितलं. मे महिना. धुळ्याची हवा अशी की वाळत घातलेला कपडा दोन पिना लावेपर्यंत वाळतो, ओठ फुटतात. मला फोनवर म्हणाली, "लोक हवा कोरडी करायला यंत्रं घेतात. आपल्याला देवाने फुकट दिलीय. पेटीतून काढून दाबयंत्रापर्यंत न्यायची, दाबायची, परत पेटीत. पंधरा-वीस मिनिटं. चालेल का, तुझ्या मशीनला विचार ना."

ही तिची युक्ती मला फार आवडली. आमच्याकडच्या उन्हाला आयुष्यभर शिव्या घातल्या, पहिल्यांदा त्याचा काही उपयोग निघत होता. मी लगेच बसले. पावडरीचा एक तुकडा घेतला, वर थोडी हवा, त्या हवेत पाण्याचे मोजके रेणू. मशीनला त्या आधी पाणी कधी दाखवलं नव्हतं, म्हणून घाईघाईने थोडं खरं गणित करून तेही शिकवलं. मग चोवीस रन लावल्या.

पंधरा छान चालल्या. पाणी येऊन पावडरीला चिकटलं, लिथियम खाली आपल्या मजेत उड्या मारत राहिलं. नऊ उडाल्या.

त्या नऊपैकी पहिली मी उघडली. का उघडली ते आठवत नाही, बहुधा चहा यायचा होता. उडण्याच्या जरा आधीपर्यंत सगळं नीट दिसत होतं. मग पाण्याचा एक रेणू फुटला, आणि गंधकाचा एक अणू दोन हायड्रोजन बरोबर घेऊन पावडर सोडून वर निघाला. पाठोपाठ बाकीचं सगळं विस्कटलं आणि रन बंद पडली. एक गंधक, दोन हायड्रोजन. हा कुठला वायू हे अकरावीच्या वर्गात विचारलं तर मागच्या बाकावरून उत्तर येईल.

मला दिसलं होतं. दिसलं नाही असं अजिबात नाही. मी पडद्याकडे बघितलं आणि मनात पाल चुकचुकलीसुद्धा. पण मग वाटलं, उडालेलीच रन आहे ना, उडताना मशीन काहीही दाखवतं. पाणी कालच तर शिकलंय. अक्का तिकडे वाट बघतेय. उरलेल्या आठ उघडायच्या म्हणजे आख्खी दुपार जाणार, आणि त्या उकाड्यात माझं डोकं आधीच भणभणत होतं. नऊच्या नऊ उचलून मी कचऱ्याच्या फोल्डरमध्ये टाकल्या आणि पंधरांचा तक्ता केला. व्हॉट्सअ‍ॅपवर अक्काला लिहिलं, "धुळ्याच्या हवेत चालेल." खाली अंगठा टाकला. उलट तिने हसरा चेहरा पाठवला आणि लिहिलं, हुशार शेस वं बाई तू.

दुसऱ्याच दिवशी तिने काम सुरू केलं. संध्याकाळी फोन आला. टिकल्या छान झाल्या होत्या. "थोडा वास येतो गं," म्हणाली, "आगकाडी ओढल्यावर येतो तसा." मी म्हटलं, पेटी उघडताना येत असेल. ती म्हणाली, हो, तसंच असेल.

त्याच्या पुढच्या दिवशी वास जास्त होता. सडक्या अंड्याचा, आता नाव घेऊन सांगितलं तिने. डोकं दुखत होतं, डोळे चुरचुरत होते. "पण ऊनही केवढं आहे," स्वतःच म्हणाली. मग जरा थांबून विचारलं, "तू नीट बघितलंस ना?" या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं माहितीय? मी चिडले. म्हटलं, पंधरा रन चालवल्यात अक्का, एक नाही. विश्वास नसेल तर नको करू. ती लगेच म्हणाली, तसं नाही गं, चिडतेस काय. माझ्या रागाला ती लहानपणापासून अशीच वाट देत आलीय, रस्त्यात बैल आला की माणूस कडेला होतो तशी. चोवीसपैकी पंधरा, हे मी तेव्हाही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला तिचा फोन आला. आवाज एकदम हलका होता, सणाच्या दिवशीसारखा.

"ऐक ना, वास गेला. सकाळपासून काम करतेय, काहीच येत नाही. तुझं मशीन बरोबर होतं बाई. मीच उगाच घाबरले."

मी बोलणार तेवढ्यात मला तिच्या मागे आवाज ऐकू आला. एकसारखी घरघर, आणि तिच्यात पाणी ठिबकत असल्यासारखं काहीतरी. विचारलं, हा कसला आवाज. ती हसली. "नानांनी कूलर लावलाय खिडकीला. काल मी उन्हाने डोकं दुखतं म्हणाले ना, तर रात्री घरचा उचलून आणून बसवला बिचाऱ्यांनी. सुट्टी आहे, कुणी येत नाही, पण माझ्यासाठी. बरं, ठेवते, आत टिकली अडकलीय. फोन बाहेरच ठेवते मी, हाताला पावडर असते."

नाना म्हणजे त्यांच्या प्रयोगशाळेतले शिपाई, पंचवीस वर्षं तिथेच, अक्कावर मुलीसारखी माया. त्यांना काय ठाऊक. इकडे कुणाचं डोकं दुखलं की आपण हेच करतो. पत्र्याचा कूलर, आत वाळ्याची जाळी, त्यावर पाणी, आणि भिजलेली गार हवा थेट खोलीत. ज्या कोरड्या हवेच्या भरवशावर सगळं चाललं होतं ती नानांनी मायेपोटी ओली करून टाकली होती. आणि वास गेला नव्हता, अक्काचं नाक गेलं होतं.

मी लगेच उलट फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला.

आता माझं दुसरं पाप ऐका. मी तेव्हाच उठून निघाले नाही. मला खात्री करून घ्यायची होती. म्हणजे खरं सांगायचं तर मला माझी चूक नाही याची खात्री करून घ्यायची होती. मी कचऱ्याचं फोल्डर उघडलं आणि उरलेल्या आठ रन एकेक करून बघितल्या. दुसरीत पाणी फुटलं, गंधक दोन हायड्रोजन घेऊन वर निघाला. तिसरीत तेच. चौथीत दोन निघाले. पाचवी, सहावी, बघतच गेले. आठही रनमध्ये मशीन एकच गोष्ट सांगत होतं. ते थापा मारत नव्हतं. त्याला जे शेवटपर्यंत नीट सांगता येत नव्हतं ते ते अडखळत का होईना सांगत होतं, आणि अडखळलं म्हणून मी त्याला गप्प केलं होतं. हे बघण्यात माझा पाऊण तास गेला. त्या पाऊण तासाचं काय करायचं हे मला अजून समजलेलं नाही.

मग धावले. गाडी चालवायला शिकायची राहून गेलेली. स्टँडवर धुळ्याची बस सुटतच होती, चढले. कॉलेजच्या ऑफिसला फोन लावला, सुट्टी, कोण उचलणार. अक्काचा वाजतच होता. बसमध्ये खिडक्या लावलेल्या तरी झळा आत येत होत्या, शेजारची बाई ओला पदर तोंडावर घेऊन झोपली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नांगरून टाकलेली काळी रानं, एक माणूस नाही की जनावर नाही. मी एकीकडे अक्काला फोन लावत होते आणि एकीकडे मनात हिशेब करत होते की वाटीभर पावडर किती वायू सोडेल, खोली केवढी आहे. शिकलेल्या माणसाला भीतीसुद्धा आकड्यांत वाटते, मेलं.

मग आठवलं, दिवाळीत अक्काचा फोन बिघडला होता तेव्हा तिने नानांच्या फोनवरून मला फोन केला होता. नंबर सेव्ह केलेला नव्हता. जुने कॉल खाली खाली सरकवत गेले. एरंडोल आलं, बस स्टँडात शिरली, तेव्हा सापडला. नानांनी दुसऱ्या रिंगला उचलला.

"ताई, मी जेवाले घर उनू. मॅडम मजारमा शेतस. बठ्ठं बरं शे."

अक्का आतच होती, नाना जेवायला घरी आलेले. त्यांचं घर कॉलेजच्या फाटकामागेच. मी म्हटलं, नाना, पळत जा. आणि पुढे? काय सांगू? आत जाऊन तिला बाहेर काढा म्हणू? साठीला टेकलेला माणूस, धापा टाकत त्या खोलीत शिरला आणि दाराशीच पडला तर? अशा वायूत एकाला काढायला गेलेला दुसरा हमखास पडतो, आमच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. आणि नका जाऊ म्हटलं तर अक्का. बस उभी होती, कंडक्टर उतरून पाणी पीत होता, आणि मी दोन माणसं तराजूत घालून बसले होते. त्या दोघांपैकी एकाचाही काही गुन्हा नव्हता.

"नाना, आत पाय ठेवायचा नाही. ऐकताय ना? आत नाही जायचं. बाहेरून कूलरची वायर उपटा. मग दगड घ्या आणि खिडकी फोडा. सगळ्या काचा फोडा. आणि ओरडा, बाहेर या म्हणून."

"खिडकी फोडू? ताई, मॅडम रागे भरतीन."

"भरू द्या. फोन चालू ठेवा."

पुढचं सगळं मी कानाने ऐकलं. चपलांची फटफट. नानांचा श्वास. फाटकाची कडी. मग घरघर ऐकू आली, जवळ आली, आणि एकदम बंद झाली. मग काच. एक, मग दुसरी. नाना ओरडत होते, मॅडम, भायेर या, मॅडम. बराच वेळ काही नाही. बस सुरू झाली, मी दुसऱ्या कानात बोट घातलं. आणि मग अक्काचा आवाज आला. जिवंत, आणि संतापलेला. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला इतकं चिडलेलं ऐकलं.

"नाना, काय केलं हे? सगळी पावडर वाया गेली. वेड लागलंय का तुम्हाला?"

मला रडू फुटलं. शेजारची बाई जागी होऊन बघायला लागली. तो राग ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी बसमध्ये मोठ्याने, रागाव अजून, रागाव, असं म्हटलं. दार उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर येत होती, बोलत होती, जूनमध्ये काय दाखवू आता लोकांना, असं काहीतरी. आणि मग वाक्याच्या मध्येच ती थांबली.

नाना म्हणाले, "ताई, मॅडम पडी गयात." मग फोन त्यांच्या हातून सुटला असावा.

एरंडोलहून धुळ्यापर्यंतचा रस्ता मी कसा काढला ते सांगणार नाही. पारोळ्याला बस दहा मिनिटं थांबते, त्या दहा मिनिटांत मी ड्रायव्हरला नको ते बोलले.

नानांनी रिक्षा करून तिला दवाखान्यात नेलं होतं. मी पोचले तेव्हा ऑक्सिजन लावलेला होता, चेहरा राखेसारखा, डोळे मिटलेले. डॉक्टर म्हणाले, वाट बघू. बाकावर नाना बसले होते. हाताला काचेने कापलेलं, त्यावर रुमाल. मला बघून उभे राहिले आणि हात जोडले. "कूलर मीच लाया व्हता, ताई. मनाच कूलर." पुन्हा पुन्हा तेच, माझाच कूलर म्हणून. मी म्हटलं, नाना, तुमची काही चूक नाही. खरंच नव्हती. कूलर नसता तर कदाचित नुसत्या वासावर भागलं असतं हे खरं. पण वास यायला लागल्यावर अक्काने दुसऱ्या दिवशीच काम थांबवलं असतं, आणि नाही थांबवलं ते माझ्या एका ओळीमुळे आणि माझ्या रागामुळे. तुमची चूक नाही एवढंच मी नानांना म्हणाले. मग कुणाची, ते सांगितलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, मग खाली बसले. नंतर कळलं की त्यांनी तो कूलर भंगारात देऊन टाकला, आणि उरलेला मे त्यांच्या घरची माणसं तशीच उकाड्यात झोपली.

अक्का दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. आठ दिवसांनी मी तिला जळगावला माझ्याकडे आणलं. हळूहळू चालायला लागली, वाचायला लागली, मला आधीसारखी बोलायला लागली. फक्त वास परत आला नाही. डॉक्टर म्हणतात येईल, कधी ते सांगता येत नाही. मोगऱ्याचं फूल नाकाशी धरून बसायची आणि मग बाजूला ठेवून द्यायची. तक्रार नाही. मला वाटायचं, हिने एकदा तरी ओरडावं माझ्यावर.

एका सकाळी स्वयंपाकघरात ती ओट्याला टेकून उभी होती. मी भाकरी थापत होते, पाठ तिच्याकडे. म्हणाली, "एक विचारू? चिडायचं नाही."

मी म्हटलं, विचार.

"तुझ्या रनमध्ये हे कधीच दिसलं नाही का? मी पडल्या पडल्या हाच विचार करते. पाणी होतं, गंधक होता. मशीनला काहीच कसं दिसलं नाही?"

माझे हात पिठात होते. मी म्हटलं, "काही रन उडाल्या होत्या. नऊ. त्या काढून टाकल्या. आम्ही काढतोच."

ती ओट्यापासून सरळ उभी राहिली. मग अगदी हळू विचारलं, "उघडून बघितल्या होत्यास?"

खरं बोलायची हीच वेळ होती. दार उघडं होतं, तिने स्वतः उघडून धरलं होतं. मला तो गंधकाचा अणू दिसला, दोन हायड्रोजन घेऊन वर निघालेला. मी म्हणाले, "नाही गं. एकही नाही."

तिने एवढा मोठा श्वास सोडला की मला तो पाठीवर ऐकू आला. "हुश्श," म्हणाली. "मग ठीक. मला नुसतं वाटत होतं की बघितलं असशील आणि… जाऊ दे. बघितलं असतंस तर तू मला सांगितलंच असतंस. मी पण काय." आणि हसली. कितीतरी दिवसांनी नीट हसली. मी तव्यावर भाकरी टाकली, पाणी फिरवलं, उलटली. काही बोलायला तोंड उघडलं नाही. आजपर्यंत उघडलेलं नाही.

चहाचं पाणी उकळायला लागलं होतं. तिने फ्रिजमधून दुधाचं पातेलं काढलं, झाकण उचललं, नाकाशी नेलं, आणि मग सवयीने नेलं हे लक्षात येऊन थांबली. पातेलं माझ्यापुढे धरलं.

"कालचं आहे. बघ गं, नासलंय का. आता तुझ्यावरच चालायचं मला."

मी वाकून वास घेतला. दूध चांगलं होतं. चांगलं आहे म्हणून सांगितलं, आणि तिने न बघता ते चहात ओतलं.